चारचा आकडा

चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, बाईंची शिकवणीची खोली होती. दोन खुर्च्या, कागद ठेवायचे दोन लोखंडी स्टँड, एक उभं कपाट आणि रस्त्याच्या अंगाला एक खिडकी. ती बारा महिने बंद. रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा कुठल्या ना कुठल्या स्वरात वाजतो आणि तो एकदा पोरांच्या कानात शिरला की तासाची माती होते, असं बाईंचं म्हणणं. खालचा चष्मेवाला म्हणायचा, "बाई, खिडकी बंद ठेवता हे उपकारच आहेत. तुमची पहिल्या वर्षाची पोरं वाजवायला लागली की माझ्या गिऱ्हाइकांना समोरची मोठी अक्षरंसुद्धा दिसेनाशी होतात."

बाई यावर हसत नसत. त्या एकूणच कमी हसायच्या. वय अठ्ठावन्न, पाठ ताठ, केस घट्ट बांधलेले, उजव्या हातात पेन्सिल. ती पेन्सिल स्टँडच्या कडेवर सारखी वाजत राहायची, टक, टक, टक. त्यावरून पोरांनी त्यांचं नाव टकटकबाई ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

व्हायोलिन शिकवायची त्यांची रीत सगळ्या शहराला माहीत होती. पहिले तीन महिने डावा हात तारांना लावायचाच नाही. नुसत्या मोकळ्या तारा. उजव्या हातातला गज तारेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा आणि आणायचा. वाकडा गेला की पहिल्यापासून. आईबाप कुरकुरायचे. एकदा एका वडिलांनी विचारलंच, "तीन महिने झाले बाई, अजून पोराला एक गाणं येत नाही."

"तुम्ही घराचा पाया खणताना पडदे कुठल्या रंगाचे लावायचे ते विचारता का?" बाई म्हणाल्या.

तीन महिन्यांनी डावा हात आला की दुसरा नियम. कुठलाही स्वर वाजवण्याआधी तो गाऊन दाखवायचा. "गळ्यात नाही ते बोटात कुठून येणार?" पोरं लाजायची, खोकला काढायची, पण गायची. आणि तिसरा नियम म्हणजे एक शब्द. चुकलं तर काय चुकलं हे बाई एकदाच सांगत. त्यानंतर फक्त "परत." दहा वेळा, वीस वेळा, चाळीस वेळा. आवाज न चढवता. कौतुक म्हणाल तर त्यांच्या तोंडी एकच शब्द होता, "चालेल." ज्याला तो मिळायचा तो पोरगा जिना उतरताना दोन दोन पायऱ्या उड्या मारत जायचा. पण दर वर्षी संगीत महाविद्यालयाच्या यादीत बाईंची एक-दोन मुलं असायचीच. म्हणून कुरकुरणारे आईबापही धाकट्या भावंडाला घेऊन पुन्हा त्यांच्याच दारात यायचे.

ही रीत बाईंची नव्हती. ती त्यांच्या वडिलांची होती.

वडील एका मोठ्या नाट्यगृहात वाजवायचे. रंगमंचाच्या पुढ्यात वादकांसाठी खड्डा असतो, तिथे त्यांनी तीस वर्षं काढली. "तीस वर्षं रोज नाटक पाहिलं," ते सांगायचे, "पण नटांच्या फक्त चपला." लोक हसायचे. बाईंनी मात्र लहानपणीच ओळखलं होतं की हा विनोद सांगताना बाबा स्वतः कधी हसत नाहीत. त्यांना खड्ड्यातून वर यायचं होतं. ते जमलं नाही. मग त्यांनी थोरल्या मुलाच्या हनुवटीखाली व्हायोलिन दिलं. थोरला वळणाचा नव्हता. बाराव्या वर्षी त्याने व्हायोलिन माळ्यावर टाकलं आणि शेजारच्या गॅरेजात जाऊन बसला. तोवर बाई पाच वर्षांच्या झाल्या होत्या. सगळं ओझं त्यांच्यावर आलं.

उजवं कोपर अंगापासून लांब जाऊ नये म्हणून बाबा त्यांच्या काखेत एक पातळ पुस्तक धरायला लावायचे. पुस्तक पडलं की पहिल्यापासून. आई ताटं वाढून बसायची, ताटातलं गार व्हायचं, आई उठून पुन्हा गरम करायची. बाबांनी कधी बोटही लावलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना पुढे वाटायचं. मार निदान संपतो. बाबा नुसते "परत" म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघत उभे राहायचे.

आणि त्याचं फळ मिळालं, हीच तर अडचण होती. सतराव्या वर्षी महाविद्यालय, तेविसाव्या वर्षी शहराच्या वाद्यवृंदात दुसऱ्या ओळीतली जागा. पहिल्या कार्यक्रमाला बाबा आले. कार्यक्रम संपल्यावर बाहेर पायऱ्यांवर उभे राहून म्हणाले, "तिसऱ्या भागात तुझा गज शेजारणीच्या मागे होता." बाईंना त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही. सोळा गजांमधून बाबांनी आपला ओळखला होता.

एकतिसाव्या वर्षी त्यांची करंगळी बिघडली. डाव्या हाताची.

दुखत नव्हती. दुखली असती तर कळलं असतं. कप उचलताना, बटण लावताना, दाराला किल्ली लावताना करंगळी अगदी शहाण्यासारखी वागायची. पण व्हायोलिन उचलून तारेवर ठेवली की आपोआप आत वळायची, तळहाताखाली, एखादं चिडलेलं पोर पांघरुणात शिरावं तशी. बाईंनी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. व्हायोलिनच्या कागदावर प्रत्येक स्वराच्या डोक्यावर कुठलं बोट लावायचं त्याचा आकडा लिहितात. पहिलं बोट एक, करंगळी चार. बाईंनी आपल्या कागदांवरचे चार एकेक करून खोडले. जिथे करंगळी हवी तिथे हात पुढे सरकवून तिसरं बोट आणलं, कुठे मोकळी तार घेतली. दोन वर्षं त्यांनी नऊ बोटांनी दहा बोटांचं काम केलं, आणि ते इतक्या सफाईने की शेजारच्या खुर्चीवरच्या बाईलाही कळलं नाही.

मग एका तालमीत संचालकांनी हात वर करून सगळं थांबवलं. "दुसऱ्या ओळीत कुणाचं तरी घसरतंय. एकेकट्याने वाजवा." बाईंची पाळी सातवी होती. त्यांचं झाल्यावर आठव्याला वाजवायला कुणी सांगितलं नाही, आणि महिनाभरात त्यांची जागा गेली.

डॉक्टरांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून दाखवलं. त्याच त्या हालचाली वर्षानुवर्षं हजारो वेळा केल्या की कधी कधी मेंदूतल्या बोटांच्या जागा एकमेकींत मिसळतात. मेंदूला मग करंगळी वेगळी अशी सापडत नाही. "पहिल्यांदा जाणवलं तेव्हाच थांबला असतात, पूर्ण विश्रांती घेतली असतीत, तर बरीच आशा होती. तुम्ही दोन वर्षं रेटलंत," डॉक्टर म्हणाले.

बाई तिथून थेट बाबांकडे गेल्या. ते निवृत्त झाले होते आणि बुटांना पॉलिश करत बसले होते. सगळं ऐकून घेतलं, दुसरा बूट हातात घेतला आणि म्हणाले, "सराव कमी पडला."

डॉक्टर काय म्हणाले ते बाईंच्या कानात होतं. तरी त्यांनी बाबांवर विश्वास ठेवला. आणखी एक वर्ष त्या घरी बसून रोज सहा तास वाजवत राहिल्या. शेवटी करंगळी उघडेनाशी झाली, साध्या कपावरसुद्धा. चार वर्षांनी बाबा गेले. बाईंनी खोली भाड्याने घेतली आणि शिकवायला लागल्या. आपण का वाजवत नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. विद्यार्थ्यांना वाटायचं, बाईंना वाजवून दाखवायला आवडत नाही.

मुंगी त्यांच्याकडे आली ती अकराव्या वर्षी. तिची आई इस्पितळात नर्स होती; वडील घर सोडून गेले त्याला बरीच वर्षं झाली होती, त्यांचा विषय त्या घरात निघत नसे. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "हळू आहे हो ही. पण धरलेलं सोडत नाही. घरी आम्ही मुंगी म्हणतो." बाईंनी एक तार छेडली आणि म्हणाल्या, "गा." मुलीने तोंड उघडलं. तो स्वर इतका नेमका आला की बाईंची पेन्सिल थांबली. पंधरा वर्षांत असं दोनदा की तीनदा झालं असेल.

मुंगीला तीन महिने मोकळ्या तारांचा कंटाळा आला नाही. तिने कधी विचारलं नाही की गाणं कधी. "परत" म्हटलं की मान हलवायची आणि पुन्हा गज उचलायची. बाईंना तिच्यात काय दिसायला लागलं ते त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नाही. पण रविवारीही त्या तिला बोलवायला लागल्या. इतर मुलांना तासाला एक मिनिट जास्त मिळायचं नाही, मुंगीला अर्धा तास मिळायचा. सोळाव्या वर्षी ती प्रवेश परीक्षेला बसणार हे ठरलं तेव्हा बाईंनी तिच्यासाठी असा तुकडा निवडला, जो त्यांनी स्वतः अठ्ठावीस वर्षांपूर्वी शेवटचा नीट वाजवला होता. सात पानं. मुंगी शाळेआधी दोन तास आणि शाळेनंतर चार तास वाजवू लागली.

परीक्षेला सहा आठवडे राहिले होते. दुपारची वेळ, बाहेर थंडीचं फिकं ऊन. मुंगीने तिसऱ्या पानाच्या मध्यावर गज थांबवला.

"बाई, माझी करंगळी ऐकत नाहीये."

"दुखतेय?"

"नाही ना. दुखत काहीच नाही. नुसती आत जाते. चार-पाच दिवस झाले."

बाई खुर्चीतून उठून तिच्या डाव्या हाताजवळ आल्या. "वाजव," त्या म्हणाल्या.

मुंगीने वाजवलं. तारेवर पडायच्या ऐवजी करंगळी वाकली आणि तळहाताखाली गेली. मुंगी कसनुसं हसली. "बघा. आगाऊ झालीय."

त्या क्षणी काय बोलायला हवं होतं ते बाईंना शब्दनशब्द माहीत होतं. व्हायोलिन खाली ठेव. आजपासून हात लावायचा नाही. आईला घेऊन डॉक्टरांकडे जा, परीक्षा पुढच्या वर्षी देता येईल. तीन वाक्यं. जगात ही तीन वाक्यं त्यांच्याइतकी नीट कुणाला बोलता आली नसती. पण पुढच्या वर्षी म्हणजे सतरा, आणि सतराव्या वर्षी मन कुठे असतं, कोण जाणे. शिवाय थकवाही असेल. सहाच तर आठवडे. बाईंनी स्वतःशी पाच-सहा कारणं जमवली, आणि ती जमवायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

"थकली असेल," त्या म्हणाल्या. "परत."

मुंगीने परत वाजवलं. करंगळी परत वळली. आणखी चार वेळा तसंच झालं. मग बाई म्हणाल्या, "तुझा सराव कमी पडतोय."

आवाज त्यांचाच होता, पण शब्द बुटाला पॉलिश करता करता निघावेत तसे निघाले. मुंगीचा चेहरा पडला. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "वाढवते."

ती गेल्यावर बाईंनी तिची सात पानं समोर ठेवली, खोडरबर घेतलं आणि कामाला लागल्या. एकेका चारवर खोडरबर फिरवलं. कुठे तीन घातला आणि हात सरकवला, कुठे मोकळी तार, कुठे दुसऱ्याच तारेवरून वळसा. आपण हे विसरलो असू असं त्यांना वाटलं होतं, पण हात काही विसरले नव्हते. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून जायच्या आत सातही पानं झाली.

दुसऱ्या दिवशी मुंगीने नवे आकडे वाजवून पाहिले आणि ती हरखून गेली. "बाई, किती सोपं झालं हे! आधीच का नाही असं केलं?"

"आधी गरज नव्हती."

त्याच आठवड्यात जिन्यात मुंगीची आई भेटली. ड्यूटीवर निघाली होती, गडबडीत होती, तरी थांबली. "बाई, ती हल्ली सारखा हात चोळत असते. काही झालंय का तिला? विचारलं की काही नाही म्हणते."

"परीक्षेच्या आधी होतं तसं," बाई म्हणाल्या. "परीक्षा झाली की विश्रांती देऊ."

"तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे," आई म्हणाली आणि खाली उतरली.

मुंगी यादीत दुसरी आली. चष्मेवाल्याने खालूनच ओरडून अभिनंदन केलं. आई जिना चढून आली आणि तिने बाईंना घट्ट मिठी मारली. बाईंना मिठीची सवय नव्हती. त्या हात बाजूला ठेवून उभ्या राहिल्या. मुंगी त्यांच्याकडे बघत होती, त्या एका शब्दाची वाट बघत. बाईंना तो उच्चारता आला नाही.

"आता दोन महिने व्हायोलिनला हात लावू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या.

मुंगी हसली. "बाई, महिनाभरात कॉलेज सुरू होतंय. त्यांनी चार तुकड्यांची यादी पाठवलीय. तुम्हीच असं म्हणताय?"

का, ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. बाईंनी तिची पेटी उचलून तिच्या हातात दिली. मुंगी गेली.

पाच महिन्यांनी, एका मंगळवारी, दोन लहान मुलींचा तास चालू असताना दार उघडलं. मुंगीची आई होती. इस्पितळाचा गणवेश अंगावर, केस विस्कटलेले, हातात एक प्लास्टिकचा फोल्डर. बाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि मुलींना म्हणाल्या, "आज एवढंच." मुली बावचळून आपापल्या पेट्या घेऊन निघून गेल्या.

आई बसली नाही. तिने फोल्डरमधून सात पानं काढली आणि स्टँडवर ठेवली.

"हे आकडे कुणी घातलेत?"

"मी."

"कॉलेजातल्या सरांनी तिची परीक्षेची पानं मागवली. म्हणाले, सबंध सात पानांत चारचा आकडा एकदाही नाही. कुणी शिकवणारा असं लिहीत नाही. असं तोच लिहितो ज्याला करंगळी लपवायची असते." तिचा आवाज चढला नव्हता, वॉर्डात बोलायची सवय असलेला तो आवाज होता. "मुंगीला वाटलं ते मूर्खासारखं बोलतायत. ती तुमच्यासाठी भांडली त्यांच्याशी. मी मात्र विचारायला आलेय. तुम्हाला माहीत होतं?"

बाईंनी स्टँडवरच्या पानांकडे पाहिलं.

"हो," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तिने सांगितलं त्या दिवसापासून. त्याच क्षणापासून."

"मी तुम्हाला विचारलं होतं. जिन्यात. आठवतंय?"

"आठवतंय."

"तिची दोन बोटं गेलीत आता. करंगळीबरोबर शेजारचंही. व्हायोलिन धरलं की हाताची मूठच होते. डॉक्टर म्हणतात वर्षभर पूर्ण बंद, मग बघू. सात महिन्यांपूर्वी आला असतात तर, म्हणाले..." ती थांबली. मग म्हणाली, "का केलंत?"

बाईंनी डावा हात पुढे केला. पंचवीस वर्षांत त्यांनी तो कुणापुढे असा उघडा धरला नव्हता. करंगळी आत वळलेली होती, नख तळहाताला टेकलेलं. त्यांनी सगळं सांगितलं: वाद्यवृंद, दोन वर्षं, संचालकांची तालीम, बाबा. सांगताना त्यांना कुठेतरी वाटत होतं की हे ऐकलं की या बाईला निदान थोडं समजेल.

आईने त्यांचा हात हातात घेतला. नर्स घेते तसाच, नीट, मनगटाखाली आधार देऊन. करंगळी दोन बोटांनी हळूच सरळ केली, सोडली, ती पुन्हा वळताना पाहिली. मग हात सोडून दिला.

"म्हणजे तुम्हाला डॉक्टरांपेक्षाही जास्त माहीत होतं," ती म्हणाली. पानं तिथेच ठेवून ती निघून गेली.

बाईंनी त्या आठवड्यात शिकवणी बंद ठेवली. मग पुढच्या परीक्षेला बसणाऱ्या तिन्ही मुलांच्या आईबापांना एकेक करून बोलावलं आणि घडलेलं सगळं सांगितलं, स्वतःला वाचवायला एक शब्दही न घालता. यापुढे कुणाच्या बोटाला जरासंही काही वाटलं तर वाजवणं तिथेच थांबेल, परीक्षा असो नसो, असंही सांगितलं. एका वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलाला घेऊन गेले. दुसऱ्या मुलीची आई म्हणाली, "म्हणजे तुम्ही आता कडक राहणार नाही का?" तिला त्याचीच जास्त काळजी वाटत होती. तीही गेली. तिसरी मुलगी राहिली. पण तिच्या डोळ्यांत बाईंची भीती नव्हती, तर स्वतःच्या बोटांची भीती होती, आणि ती बघणं जास्त कठीण होतं.

तीन आठवड्यांनी फोन आला. मुंगीची आई.

"ती जेवत नाही. खोलीबाहेर येत नाही. माझ्याशी बोलत नाही. काल म्हणाली, बाईंशी बोलायचंय." मग ती म्हणाली, "मला तुमचं तोंड बघायची इच्छा नाही. पण या."

बाई दुपारी गेल्या. तिसऱ्या मजल्यावरचं छोटं घर. आईने दार उघडलं, आतल्या खोलीकडे बोट दाखवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, म्हणजे आतलं बोलणं ऐकू येऊ नये.

मुंगी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. डावा हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतलेला. खोलीत व्हायोलिन कुठे दिसत नव्हतं. भिंतीवर वेळापत्रक लावलेलं असावं. आता तिथे चिकटपट्टीचे चार कोपरे उरले होते.

"आईने सांगितलं तुमच्या हाताचं," मुंगी म्हणाली. "तुमच्या वडिलांनी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"सराव कमी पडला."

"म्हणजे तेच."

"तेच."

"तुम्ही चिडलात त्यांच्यावर?"

बाईंनी विचार केला. खोटं बोलायची सवय इतकी जुनी होती की खरं काय ते आधी शोधावं लागलं. "नाही. मी स्वतःवर चिडले. ते सोपं होतं. आणि त्यांच्यावर चिडले असते, तर कदाचित तुला त्या दिवशी तसं म्हणाले नसते."

"मी वाढवला सराव," मुंगी म्हणाली. "तुम्ही म्हणालात म्हणून. रोज आणखी एक तास. आईला कळू नये म्हणून तारांवर रुमाल टाकून. परीक्षेनंतरही. मला वाटलं माझंच चुकतंय."

बाईंनी मान खाली घातली. "तुझं काहीही चुकलं नाही. एक दिवसही नाही. मला दिसलं होतं काय झालंय ते. मला तू तिथे पोचायला हवी होतीस. तुझ्यासाठी नाही."

मुंगीने बाही आणखी खाली ओढली. स्वयंपाकघरातला नळ वाहत होता.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"सांगेन."

"डोक्यातलं वाजणं थांबतं का कधी? दिवसभर वाजत असतं. ती सात पानं. आणि बोटं गादीवर हलायला लागतात आणि वळतात."

थांबतं, असं म्हणता आलं असतं. हळूहळू कमी होतं, असं म्हणता आलं असतं. समोरच्या पोरीला तेच ऐकायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"माझं थांबलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पंचवीस वर्षं झाली. पण वाद्यवृंद सुटल्यावरही मी एक वर्ष रेटत राहिले, आणि कुणाला सांगितलं नाही. तू सांगितलंयस. तुझं वेगळं होईल का, मला खरंच माहीत नाही."

मुंगीचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली. लहान पोरासारखी, मोठ्याने, भोकाड पसरून. नळ बंद झाला. आई धावत आली, बाईंना ओलांडून पलंगावर बसली आणि मुलीला जवळ घेतलं. मुंगी आईच्या खांद्यावरून हुंदके देत म्हणाली, "जा आता तुम्ही. यापुढे येऊ नका."

बाई उठल्या. खाली रस्त्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण पर्स वर विसरलो. त्या ती आणायला गेल्या नाहीत. घरापर्यंत चालत गेल्या. तीन दिवसांनी पर्स चष्मेवाल्याच्या दुकानात कुणीतरी आणून ठेवली होती. सोबत चिठ्ठी नव्हती.

वर्ष संपलं तेव्हा मुंगीने महाविद्यालय सोडलं. हे बाईंना तिथल्या सरांनी फोनवर सांगितलं. शेजारचं बोट सुधारलं होतं, करंगळी सुधारली नव्हती. बोलता बोलता सर म्हणाले, "असा कान मी माझ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही." बाई म्हणाल्या, "मीही." मग सरांनी फोन ठेवला.

बाईंनी परीक्षेची मुलं घेणं बंद केलं. फक्त लहान मुलं शिकवतात, तीही थोडी. यादीत नाव नाही म्हटल्यावर लोक दुसरीकडे जातात. पोरं त्यांना अजून टकटकबाईच म्हणतात, हे नाव कुठून आलं ते नव्यांना माहीत नसतं, कारण पेन्सिल बाईंनी कधीच ठेवून दिली.

मुंगी त्यांना एकदाच दिसली, दोन वर्षांनी, इस्पितळाजवळच्या बसथांब्यावरून. रस्त्याच्या पलीकडे तिघी-चौघी मुलींबरोबर होती, सगळ्यांच्या गळ्यात इस्पितळाची ओळखपत्रं. बहिऱ्या मुलांचे कान तपासायचं ती शिकतेय, असं कानावर आलं होतं. तिने बाईंना पाहिलं. मान फिरवली नाही आणि हसलीही नाही. मैत्रीण काहीतरी सांगत होती, ते ऐकत ती क्षणभर बाईंकडे बघत राहिली आणि मग सगळ्यांबरोबर फाटकातून आत गेली. बाईंना हाक मारावीशी वाटली. पण कुठल्या तोंडाने मारणार? बस आली आणि त्या चढल्या.